आतून आत तीन फूट

गुत्तेदार पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो माझ्याशी बोललाच नाही. दार मी उघडलं, पाणी मी दिलं, काम काय आहे तेही मीच सांगत होते. पण प्रत्येक उत्तर तो माझ्या दिराकडे बघून देत होता. दीर केदारखेड्याहून मुद्दाम त्याला घेऊन आला होता. मी म्हणाले, ही अडगळीची खोली आहे, हिच्यात संडास-बाथरूम करायचंय. तो दिराला म्हणाला, "होऊन जाईल दादा." मी म्हणाले, दार रुंद पाहिजे. तो दिराला म्हणाला, "ते आमच्यावर सोडा दादा." शेवटी मी दिराला म्हणाले, तुम्ही आत जाऊन तुमच्या भावाजवळ बसा, चहा तिकडंच आणते. दीर उठून गेल्यावर गुत्तेदाराला माझ्याकडे बघण्यावाचून इलाज राहिला नाही. मी त्याला सांगितलं, घर माझ्या नावावर आहे, पैसे माझ्या पगारातून जाणार आहेत, आणि काम ज्याच्यासाठी आहे तो माणूस आतल्या पलंगावर आहे. दादा केदारखेड्याला राहतात.

तो हसला. "तुमी म्हणाल तसं, वहिनी," म्हणाला. पण ते हसणं मला ओळखीचं होतं. मी अंबड डेपोत कंडक्टर आहे. बाईनं घंटी मारली म्हणून हसणारे, बाईनं तिकीट मागितलं की खिडकीबाहेर बघणारे कितीतरी लोक माझ्या गाडीतून रोज जातात. तेही सगळे शेवटी तिकीट काढतात.

माझा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर होता. एका सकाळी ड्यूटीला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता त्याचा डावा हात थांबला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर आवाज आला, पण शब्द आले नाहीत. लकवा. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू त्याची होती आणि डावी बाजू आम्हा दोघांची झाली होती. बोलणं हळूहळू परत आलं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तसं. चाकांची खुर्ची आली. घरातल्या घरात तो ती एका हातानं आणि एका पायानं सराईतपणे चालवायला शिकला. ड्रायव्हर माणूस, वळण कुठं घ्यायचं हे त्याला सांगावं लागलं नाही.

अडचण फक्त एका ठिकाणी होती. आमचा संडास मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. खुर्ची तिथं जाणं शक्यच नव्हतं. मी घरी असले की मी न्यायचे, खांद्यावर भार घेऊन. मी ड्यूटीवर असले की शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी लागायची, आणि ती हाक मारणं त्याला मरणाहून अवघड वाटायचं. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मला कळलं ते त्याच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यावरून. मी सकाळी भरून ठेवायचे, संध्याकाळी येऊन बघायचे तर पाणी तसंच. उन्हाळ्यातसुद्धा. मी परत येईपर्यंत तो पाणी पीत नव्हता.

त्या दिवशी मी ठरवलं की संडास घरात येणार, त्याच्या पलंगाशेजारच्या खोलीत, आणि तो तिथं एकटा जाणार.

आमच्या भिंतीला भिंत लागून आपांचं घर आहे. आपा माझ्याहून बऱ्याच मोठ्या, रजया शिवतात. घरात त्यांची उर्दू, माझ्याशी अर्धी मराठी. त्यांनी कधीतरी स्वयंपाकघर मोठं करायला काढलं होतं. त्यांच्या गुत्तेदारानं पहिल्याच दिवशी भिंत पाडली, ओटा फोडला, मग दुसरीकडे मोठं काम लागलं तसा तिकडं गेला. आपांनी अख्खा पावसाळा अंगणात पत्र्याखाली स्वयंपाक केला. त्याला बोलावून बोलावून थकल्या. दर वेळी तो थोडे आणखी पैसे मागायचा आणि दर वेळी त्या द्यायच्या, कारण दुसरा रस्ता उरला नव्हता. मी काम काढतेय म्हटल्यावर त्या सुई रजईत तशीच अडकवून माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "सुन बेटा. जब तक टूट्या नै, तब तक तेरे हात में है. टूट गया के उसके हात में गया."

मी त्यांना विचारलं, मग काय करू. त्या म्हणाल्या, जुना संडास फोडू देऊ नकोस. काही झालं तरी नवा चालू होईपर्यंत जुन्याला हात लावू देऊ नकोस. बाकीचं तू बघशीलच.

बाकीचं मी बघितलं. गुत्तेदाराला म्हणाले, तुम्ही केलेलं एखादं काम दाखवा. त्यानं अंबडमधलंच एक घर दाखवलं. फरशी छान, नळ चकचकीत. घरच्या बाईला मी बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की काही बिघडलं आणि बोलावलं तर हा माणूस परत येतो का. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "काम चांगलं हाये त्याचं." मी खूश होऊन घरी आले. तिनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

पण लिहून मात्र घेतलं. काय करायचं, कोणत्या टप्प्यावर कोणता हप्ता द्यायचा, सिमेंट, फरशी, संडासाचं भांडं मी माझ्या पसंतीनं आणणार, दाराची चौकट तेवढी तो आणणार. दार आतून आत तीन फूट, म्हणजे चौकटीची जाडी सोडून. उंबरा नाही. जुना संडास शेवटी पाडायचा. कागद बघून गुत्तेदाराचा चेहरा उतरला. दीरही चुळबुळ करू लागला. माणूस ओळखीचा आहे, त्यानं आमच्या सासरच्या नात्यात दोन घरं बांधली आहेत, असा कागद पुढं करणं बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. गुत्तेदार म्हणाला, "वहिनी, लिहून घेनं म्हंजे विश्वास न्हाई म्हनायचा."

मी म्हणाले, "मी रोज शेकडो लोकांना तिकीट फाडून देते. त्येच्यात अविश्वास कोनता? चेकर चढला की तिकीट तुमच्याच कामाला येतंय."

त्यानं सही केली. इसार मी दिला, पण त्यानं मागितला तेवढा नाही.

काम सुरू झालं. पहिले काही दिवस बरे गेले. अडगळ निघाली, खोलीची जमीन उकरली, मागच्या भिंतीतून पाइप बाहेर काढला. मी सकाळच्या फेरीला जायचे, दुपारी परतून काम बघायचे. नवरा पलंगावरून मला खुणेनं सांगायचा की आज किती माणसं होती. त्याला करमायला लागलं होतं. मिस्त्रींशी तो डोळ्यांनीच बोलायचा, आणि तेही त्याला "मामा" म्हणायला लागले होते.

मग एके सकाळी मी बॅग खांद्याला लावून निघणार, तेवढ्यात दोन माणसं पहार घेऊन मागच्या अंगणात निघाली. विचारलं तर म्हणाली, साहेबांनी जुना संडास पाडायला सांगितलंय, विटा उतरवायला जागा पाहिजे. मी बॅग खाली ठेवली आणि संडासाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी गुत्तेदाराला फोन लावला, फोन माझ्या हातात दिला. तो समजावू लागला, की एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे, नवा काय, चुटकीसरशी होईल, सगळे असंच करतात. मी म्हणाले, सगळ्यांच्या घरात माझा नवरा नाही. विटा रस्त्याच्या कडेला उतरवा, मी शेजाऱ्यांना सांगते. तो म्हणाला, मग काम लांबेल. मी म्हणाले, लांबू द्या.

मग दिराचा फोन आला. त्याला म्हणाले, दादा, तुमचा मान राखून सांगते, ह्या दारातून मी हलणार नाही.

त्या दिवशी मी डेपोत उशिरा पोचले आणि कंट्रोलरचं ऐकून घेतलं. नोकरीत पहिल्यांदा. पण पहार परत गेली.

पुढच्या आठवड्यात माझी मुक्कामाची ड्यूटी लागली. रात्र दुसऱ्या गावी, परत यायला दुसरा दिवस मावळतो. आपांचे मालक घरी लक्ष ठेवून होते. मी आले तर घरात ओल्या सिमेंटचा वास. दाराची चौकट बसली होती. काळ्या ग्रॅनाइटची, गुळगुळीत, दिसायला देखणी. भोवतीनं गिलावाही झाला होता. खाली चार बोटं उंच उंबरा.

मला बघताक्षणीच कळलं. कंडक्टरच्या नजरेला रुंदी कळते. दोन सीटांमधून किती माणसं जातील हे आम्ही टेप न लावता सांगतो. तरी मी नवऱ्याची खुर्ची आणली. त्याला बसवलं. म्हणाले, जाऊन बघा. तो गेला. उंबऱ्याला चाक अडलं. मी मागून उचललं. चाकं कशीबशी आत घुसली आणि दोन्हीकडून दगडाला घासत थांबली. त्याचा उजवा हात चाकावर होता, बोटांची सालं निघाली. तो हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला, ना आत ना बाहेर.

मी खुर्ची मागं ओढली. हळद लावली. तेव्हा तो म्हणाला, "राहू... दे."

मी विचारलं, काय राहू दे.

"चालंल. ...तू असती... की."

त्या संध्याकाळी मी गुत्तेदारावर जेवढी चिडले नव्हते तेवढी नवऱ्यावर चिडले. मी असते की! मी नसताना काय, त्यासाठीच तर हे सगळं मांडलं होतं. ज्या माणसानं घाटात, पावसात, भरलेल्या गाडीनिशी कधी कुणाला "राहू दे" म्हटलं नाही, तो स्वतःच्या घरात स्वतःसाठी एवढंही मागायला तयार नव्हता. मी म्हणाले, तुम्हाला चालत असेल, मला चालणार नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळत बसले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

गुत्तेदार दुसऱ्या दिवशी आला तो हप्ता मागायलाच आला. मी त्याला चौकटीपाशी नेलं. तो म्हणाला, "वहिनी, संडासाचं दार सगळीकडं चौकटीसकट अडीच फुटाचंच असतंय. कलेक्टरच्या बंगल्यात बी. तीन फुटाचं म्हंजे बैठकीचं दार."

मी म्हणाले, "लिहिलेलं काय हाये?"

"लिहिलेलं असतंय. काम करताना बराबर काय ते आमाला कळतंय. अन् उंबरा न्हाई लावला तर पानी बाहेर येनार. मंग मलाच शिव्या द्याल."

मी म्हणाले, उतार आतल्या बाजूला द्या, पाणी बाहेर येणार नाही. चौकट काढा, तीन फुटाची लावा, मग हप्ता घ्या. तो बराच वेळ बोलत राहिला. दगड वाया जाईल, भिंतीला धक्का बसेल, आठवडा जाईल. मग आवाज बदलून म्हणाला, की मी निघून गेलो तर अंबडमध्ये दुसरा कोणी ह्या कामाला हात लावणार नाही, हे ध्यानात ठेवा. मी म्हणाले, ठेवते.

तो माणसं घेऊन गेला. त्याचं वाटूरला मोठं काम चालू होतं, सगळे तिकडं गेले.

त्याचं म्हणणं खरं निघालं. मी दुसऱ्या मिस्त्रींना विचारून बघितलं. एक येतो म्हणाला आणि आला नाही. दुसरा येऊन बघून गेला. म्हणाला, दुसऱ्याच्या चालू कामात शिरलं की आमच्यात वाईट मानतात. घरात वाळू, विटांचे तुकडे, सगळ्यावर धूळ. तोटी नसलेला पाइप भिंतीतून डोकं काढून बसलेला. दीर येऊन बोलून गेला: एवढ्याशा दारापायी माणूस तोडला. सासरचे लोक फोन करून विचारत, मिटलं का. जणू भांडण माझं आणि गुत्तेदाराचं होतं, आणि दार मधे कुठं नव्हतंच.

पण एक गोष्ट होती. मागच्या अंगणात जुना संडास उभा होता. जुना, अडचणीचा, पायऱ्यांचा, पण उभा. माझी गरज गुत्तेदाराच्या मुठीत नव्हती. मला घाई नव्हती. रोज सकाळी नवऱ्याला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरताना मी मनातल्या मनात आपांना दुवा द्यायचे.

गुत्तेदाराचं मिक्सर आणि फळ्या आमच्याच अंगणात राहिल्या होत्या. न्यायला त्यानं टेम्पो पाठवला तेव्हा दीर नेमका आलेला होता. तो म्हणाला, देऊ नका, अडकवून ठेवा, मग येईल नाक घासत. मी फाटक उघडून दिलं. मला त्याचं काही नको होतं. मला माझं दार पाहिजे होतं. शिवाय त्याची वस्तू माझ्याकडं राहिली असती तर उद्या तोच चार लोकांत सांगत फिरला असता, की बाईनं माझा माल दाबला.

मग एका सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, उद्या तुमची खुर्ची मला द्याल का. त्यानं विचारलं, कशाला. मी म्हणाले, वाटूरला घेऊन जाते. त्याच्या नव्या कामावर, त्याच्यासमोर ठेवते, म्हणते माप घे. तुम्हाला अर्धा दिवस पलंगावर काढावा लागेल.

त्यानं छताकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा राहू दे म्हणणार. तो म्हणाला, "रिकामी... खुर्ची... कामून नेती? मी... येतो."

आजारानंतर तो बसमध्ये चढलेला नव्हता. गाडीचा विषय निघाला तरी मान फिरवायचा. सकाळी मी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. आपांच्या मालकांनी आम्हाला डेपोपर्यंत सोडलं. तिथं त्याला बघून सगळे गोळा झाले. कुणी खुर्चीची घडी केली, दोघांनी त्याला उचललं, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकलेला. गाडी निघाली तेव्हा मी नवऱ्याकडे न बघता बाहेर बघत बसले. पण मला दिसत होतं, की गाडीचा वेग कमी झाला की त्याचा उजवा पाय जागच्या जागी दाबला जायचा.

जालन्याला गाडी बदलली. वाटूरला फाट्यावर उतरलो. खाली उतरवायला गाडीतलेच लोक पुढं झाले. ऊन चढलं होतं. मी खुर्ची ढकलत निघाले. मोठं काम असल्यानं कुणीही घर सांगत होतं.

घर एका जुन्या शेतकऱ्याचं होतं, म्हातारे, डोक्याला पांढरा फेटा, खाटेवर बसून कामावर नजर ठेवून होते. मी त्यांना नमस्कार केला, आम्ही कोण ते सांगितलं, आणि म्हणाले, तुमच्या दारात भांडायला आलेली नाही, तुमच्या गुत्तेदाराकडून एक माप करून घ्यायचं आहे. त्यांनी बायकोला पाणी आणायला सांगितलं. गुत्तेदार वरच्या मजल्यावरून खाली आला. मला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग खुर्ची दिसली, आणि तो थबकला. इतके दिवस तो आमच्या घरी येत होता, पण नवऱ्याला त्यानं फक्त पलंगावर पांघरुणात बघितलं होतं. खुर्चीत बसलेला, त्याच्या समोर, त्याच्याकडे बघणारा माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिला.

"वहिनी, हे काय बरं न्हाई," तो म्हणाला. "पेशंटला एवढ्या उन्हात घेऊन आल्या. घरी बोललो असतो आपन."

मी बोलायला तोंड उघडलं. नवऱ्यानं उजवा हात वर केला. गाडीत गोंधळ झाला की तो आरशात बघून असाच हात वर करायचा.

तो म्हणाला, "मी... बसलेलो... हाये." थांबला. दोन्ही कोपरं बाहेर काढायचा प्रयत्न केला. डावं आलं नाही, मी धरून ठेवलं. "माप... घे."

कामावरची माणसं घमेली घेऊन उभी राहिली. गुत्तेदार माझ्याकडे, मग म्हाताऱ्यांकडे बघत राहिला. म्हातारे शांतपणे म्हणाले, "घे की. टेप तं खिशातच हाये तुझ्या."

तो खाली बसला. धुळीत, गुडघ्यावर. टेप एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत धरली. किती आलं ते तो मोठ्यानं बोलला नाही, मीही विचारलं नाही. टेप आत गेल्याचा आवाज झाला. मग तो उठला आणि नवऱ्याला म्हणाला, "येतो मामा. परवा येतो." माझ्याशी तो तेव्हाही बोलला नाही. मला त्याची गरज वाटली नाही.

म्हाताऱ्यांच्या बायकोनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, पिठलं, ठेचा. निघताना म्हातारे मला म्हणाले, की आमच्याही संडासाचं दार त्यानं कसं धरलंय ते एकदा बघून सांग, आता आम्हीही काय कायम पायावर राहणार आहोत का. मी बघितलं. सांगितलं.

परवा तो आला नाही, त्यानंतरच्या दिवशी आला. चौकट काढताना भिंतीचा मोठा तुकडा निघाला. तो धुसफुसत होता, मिस्त्रीही तोंड पाडून काम करत होता. नवी चौकट बसली, आतून आत तीन फूट; मी टेप लावून बघितली, वर, मधे आणि खाली. उंबरा नाही. गिलाव्याचा रंग मात्र जुन्याशी जुळला नाही. आजही दाराभोवती वेगळा पट्टा दिसतो. पाहुणे विचारतात, रंग का नाही लावला. मी लावत नाही.

फरशी झाल्यावर मी बादल्यांनी पाणी ओतून बघितलं. पाणी एका कोपऱ्यात साचलं. मी म्हणाले, इथं उतार नाही. गुत्तेदारानं ह्या वेळी वाद घातला नाही, तेवढा भाग उकरून परत केला. धरायच्या दांड्या लावायला त्याला वेळ नव्हता. त्या मी दुसऱ्याकडून लावून घेतल्या, आणि तेवढे पैसे त्याच्या शेवटच्या हप्त्यातून वळते केले. तो हप्ताही काही दिवस वापरून बघितल्यावरच दिला. त्यानं कुरकुर केली. मी कागद दाखवला. जुना संडास त्यानंतर पाडला. पहार पडली तेव्हा आपा भिंतीवरून बघत होत्या.

पहिल्या दिवशी नवरा आत गेला तेव्हा मी सवयीनं मागं मागं गेले. तो आत वळला, आणि माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. मग दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत माझ्या आणि त्याच्या मधे दार असं कधी आलंच नव्हतं. मी बाहेर उभी, हाताला काही काम नाही. आत पडला तर, हात सुटला तर, असं सगळं डोक्यात येत होतं. मी अंगणात जाऊन उगाच तुळशीला पाणी घातलं. बऱ्याच वेळानं त्याची हाक आली. मी धावत गेले. त्याला काहीच नको होतं. तो बाहेर आला होता, आणि त्याला प्यायला पाणी पाहिजे होतं.

गुत्तेदार मला नंतर एकदा भेटला, माझ्याच गाडीत. गर्दी होती, तो मागच्या दाराशी उभा. मी तिकिटं देत देत त्याच्यापर्यंत पोचले. पैसे पुढं करत तो हळू आवाजात म्हणाला, की वहिनी, तुम्ही माझं नाव गावभर खराब केलं. लोक आता कामाआधी कागद मागून राह्यले.

मी त्याला म्हणाले, "तुमचं नाव मी कुनालाच सांगितलं न्हाई. दार केवढं पाहिजे तेवढं सांगितलं."

तिकीट आणि सुट्टे त्याच्या हातावर ठेवले आणि पुढच्या माणसाकडे वळले. खोटं बोलत नव्हते. आजही कुणी विचारलं तर मी त्याचं नाव सांगत नाही. पण जी बाई विचारते तिला बाकी सगळं सांगते. आधीच्या घरी जा, आणि घरातल्या बाईला एकटीला गाठून विचार. ती काय बोलली यापेक्षा काय बोलली नाही ते घरी येऊन आठव. गिलावा करून झाकायच्या आधी बघ. नवं चालू होईपर्यंत जुनं सोडू नकोस. आणि कुणी म्हणालं की विश्वास नाही का, तर सरळ 'नाही' म्हणायला लाजू नकोस.

मागच्या महिन्यात माझी जाऊ केदारखेड्याहून आली. तिला स्वयंपाकघर करायचं आहे, ओटा तिच्या उंचीचा पाहिजे; आत्ताचा आमच्या सासूच्या उंचीचा आहे आणि वाकून वाकून तिची पाठ गेली. दिरानं गुत्तेदार ठरवला आहे, दुसरा कोणीतरी. ती म्हणाली, बाई, तुमी येऊन त्याच्याशी बोला, तुमाला जमतंय, मला न्हाई जमायचं.

मी म्हणाले, येते. सुट्टी टाकून येते. पण बोलायचं तू. मी तुझ्या शेजारी बसते.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं विचारलं, ओट्याची उंची कुठून कुठपर्यंत मोजायची असते. मी तिला उठवून भिंतीला पाठ लावून उभी केली आणि टेप आणायला आत गेले.